त्यांना ते लोटांगण वाटलं

मला कुणी विचारलं नाही. दोन पोरांनी दोन बाजूंनी काखेत हात घातले आणि उचलून मंचावर ठेवलं. मंच कमरेएवढा उंच. पायऱ्या म्हणून मागच्या बाजूला एक टेबल आणि टेबलापुढं एक खुर्ची. पाहुणे त्यावरूनच चढले होते. मला तसं चढता आलं नसतं हे खरं, पण वर कशी येतेस, एवढं तरी विचारायला पाहिजे होतं. उचलताना माझा कुर्ता वर गेला. समोर अख्खं कॉलेज बसलेलं. एका हातानं मी कुर्ता खाली ओढत होते, दुसऱ्या हातात कुबडी होती. तेवढ्यात सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी ती कुबडी काढून घेतली. फोटोत बरी दिसत नाही म्हणाले.

जिंतूरचं आमचं कॉलेज. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस तिथं दरवर्षी होतो. कमान, केक, रक्तदान, वह्यांचं वाटप. त्या वर्षी यादीत एक नवी बाब होती. गरीब दिव्यांग विद्यार्थिनीला शैक्षणिक दत्तक घेणे. ती विद्यार्थिनी म्हणजे मी. बी.ए.चं पहिलं वर्ष.

साहेबांनी माईक घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजपासून ही माझी मुलगी. हिच्या शिक्षणाचा सगळा भार माझ्यावर." टाळ्या. माझे आबा तिसऱ्या रांगेत बसले होते. अंगात शेजाऱ्याकडून मागून आणलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट. बाप जिवंत, समोर बसलेला, आणि त्याच्या पोरीला दुसऱ्यानं दत्तक घेतलं. बापही टाळ्या वाजवत होता.

सर माईकवर म्हणाले, "साहेबांच्या पाया पड बेटा."

आता पायाबद्दल सांगावं लागेल. मी दीड वर्षाची असताना ताप आला होता. गावोगाव फिरणाऱ्या कुणा डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि डावा पाय लुळा पडला. घरी मी लंगडी, एसटीत अपंग, मंचावर दिव्यांग. पाय तोच. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर असतो, तो मी सलवारीवरून बांधते. गुडघ्याच्या दोन बाजूंना दोन कड्या आहेत. पाय सरळ करून उभी राहिले की कड्या खाली सरकतात आणि गुडघा ताठ राहतो. बसायचं असलं की त्या वर ओढायच्या, मग गुडघा वाकतो. कुबडीशिवाय मी फार तर मिनिटभर उभी राहते, पण मला वाकता येत नाही. सणावारी घरात सगळे थोरामोठ्यांच्या पाया पडतात, मी उभ्यानं हात जोडते. आजवर कुण्या म्हाताऱ्यानं त्याचा राग मानलेला नाही.

मंचावरही मी हात जोडले. सर पुन्हा म्हणाले, पाया पड. मी पुन्हा हात जोडले. लोक बघत होते. साहेब पाय जरा पुढं करून उभे होते, कॅमेऱ्याकडं बघत.

माझ्या शेजारी इतिहासाच्या मॅडम होत्या. चांगल्या बाई. वर्गात बसताना मी कड्या वर ओढते हे त्यांनी रोज पाहिलेलं. त्यांना वाटलं पोरीला वाकायचंय आणि कडी अडलीय, आपण मदत करावी. त्या खाली बसल्या आणि माझ्या दोन्ही कड्या वर ओढल्या.

गुडघा एकदम मोडला. मी तोंडावर गेले. कपाळ साहेबांच्या बुटावर आपटलं, हात दोन्हीकडं पसरले. मग कुठंतरी पहिली टाळी वाजली आणि सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. त्यांना ते लोटांगण वाटलं.

सर माईकवर म्हणाले, "याला म्हणतात संस्कार."

मला उचललं. ओठ दातात सापडून फुटला होता. तोंडात रक्त आलं होतं. माईक हातभर अंतरावर होता. मी कोसळले, मला लागलं, एवढंच बोलायचं होतं. बोलले नाही. मी हसले. रक्त दिसू नये म्हणून ओठ मिटून हसले. मी कोसळले याची मला लाज नाही वाटत, कॅलिपर घालणारं माणूस कधी ना कधी कोसळतंच. त्या हसण्याची वाटते. ते हसू मला कुणी सांगितलं नव्हतं, ते माझं मी काढलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर आबांनी बसस्टँडवर मला भजी घेऊन दिली. ओठ कशानं सुजला हे काही विचारलं नाही. तिखटानं ओठ चुरचुरत होता, तरी मी सगळी भजी खाल्ली.

आठ दिवसांत कॉलेजच्या फाटकावर बॅनर लागला. माझं लोटांगण, साहेबांचा आशीर्वादाचा हात, खाली माझं नाव आणि मोठ्या अक्षरात 'लेक दत्तक, भविष्य उज्ज्वल'. माझा कॅलिपर एवढा मोठा आला होता की त्याच्यावरचा गंजसुद्धा दिसत होता. बसमध्ये पोरं मला बॅनरवाली म्हणायला लागली. मी ऐकलं नाही असं दाखवायचे. ते मला लहानपणापासून चांगलं जमतं.

आमचं गाव येलदरीच्या धरणाकाठी. आबा धरणावर मासे धरतात. धरण सरकारचं, मासे ठेकेदाराचे, जाळं तेवढं आमचं. माय ठेकेदाराकडूनच मासळी घेऊन जिंतूरच्या बाजारात विकते. पावसाळ्यात मासळीची वीण असते म्हणून जाळं टाकायला बंदी. आणि कॉलेजचे प्रवेश नेमके त्याच दिवसांत. सगळ्या जगाला ज्या महिन्यात पैसे लागतात त्या महिन्यात आमच्या घरी जाळं खुंटीला टांगलेलं असतं. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी माय एकच वाक्य म्हणायची, जरा श्रावण सरू द्या. कॉलेज श्रावणाची वाट बघत नाही.

माझ्याआधी आक्का होती. माझी मोठी बहीण. हुशार. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्यासाठी मायनं दोन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. त्याच वर्षी माझा पाय वाढला. म्हणजे चांगला पाय वाढला आणि जुना कॅलिपर आखूड पडला. शिबिरात फुकट मिळालेला मापात बसेना, मांडीला जखमा झाल्या, त्यात पू झाला. मग परभणीला जाऊन विकत करून घेतला. आक्काचं नर्सिंग त्यात गेलं. भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. आक्का दुसऱ्या दिवशी बायकांच्या टोळीसोबत कापूस वेचायला गेली. तेव्हापासून मी ज्या कॅलिपरवर उभी आहे तो आक्काचा आहे असंच मला वाटतं. तिनं मला एकदाच ऐकवलं. म्हणाली, "मला शिकता आलं न्हाई त्याचं काही न्हाई. पण तू निम्म्यात सोडलंस तर माझं सोडलेलं बी वाया जाईल."

म्हणून मी सगळं सहन केलं असं मी स्वतःला सांगायचे. ते पूर्ण खरं नाही. भीती होती. साहेब रागावले तर, ही भीती. आणि थोडी हावही होती. बॅनरवर का होईना, माझं नाव होतं.

आबांना तर उपकाराचं ओझं झालं होतं. त्यांनी ठरवलं, साहेबांना काहीतरी न्यायचं. आमच्याकडं न्यायला काय असणार? एके दिवशी जाळ्यात मोठी मरळ लागली. तीन किलोची, जिवंत. ती त्यांनी ठेकेदाराला दिली नाही. ओल्या पोत्यात गुंडाळली आणि बस बदलत साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब माळकरी. सगळं घर माळकरी. जिंतुरात हे शेंबड्या पोराला माहीत आहे, पण आबांना नव्हतं. धरणावर मासे धरणाऱ्या माणसाला कुणाच्या गळ्यात माळ आहे हे कसं कळणार, माळवाले मायच्या पाटीजवळसुद्धा येत नाहीत. पोत्यातून फरशीवर पाणी ठिबकलं. बाईसाहेब आतूनच ओरडल्या. गड्यानं आबांना मागच्या फाटकानं बाहेर काढलं आणि ते उभे होते तिथं दोन बादल्या पाणी ओतलं. अजून आबा रस्त्याला लागले नव्हते.

ही गोष्ट आबांनीच आम्हाला सांगितली. हसत सांगितली. म्हणाले, मला काय म्हाईत माळकरी हायेत म्हणून, माझीच चूक. माय हसली. आक्का हसली नाही. मी हसले. ती मरळ मायनं दुसऱ्या दिवशी बाजारात विकली. मला माहीत आहे, ती मेलेली होती म्हणून निम्म्या भावानं गेली.

आणि साहेबांनी आम्हाला दिलं काय, तेही सांगते. एक दप्तर, आणि साहेबांचा फोटो छापलेलं भिंतीवरचं घड्याळ. फी साहेब भरतात असं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही मानलं. विचारायचं कसं? देणाऱ्याला कुणी पावती मागतं का?

कॉलेजचं रोजचं जगणं वेगळंच. आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. अडतीस पायऱ्या. कठडा पहिल्या मजल्यापर्यंतच, पुढं नुसती भिंत. पहिला मजला मी कठडा धरून चढायचे. पुढच्या पायऱ्यांवर बसायचं, पाठ जिन्याकडं करायची, दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकायचे आणि अंग वर ओढायचं. ढुंगण घासत. कुबडी आधी वर ठेवायची, मग आपण जायचं. हे कुणी बघू नये म्हणून मी पहिल्या बसनं यायचे. कॉलेज दहाला भरायचं, मी सव्वाआठला जिन्यात असायचे. जिना झाडणाऱ्या मावशींना तेवढं माहीत होतं. त्या काही बोलायच्या नाहीत, पण मी यायच्या आत जिना झाडून ठेवायच्या. तरी मी कायम काळीच सलवार घालायचे.

एकदा वर पोचलं की उतरायचं नाव नाही. मुलींचं स्वच्छतागृह खाली, मागच्या अंगाला. म्हणून मी सकाळपासून पाणी प्यायचेच नाही. मैत्रिणींनी बाटली पुढं केली की तहान नाही म्हणायचे. उन्हाळ्यात परभणीकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. लघवीला आग व्हायची, ताप यायचा, डॉक्टर विचारायचे पाणी किती पितेस, आणि मी खोटं सांगायचे. सगळे गेल्यावर उतरायचे. उतरतानाही तसंच, बसून. दुपारची बस त्यामुळं चुकायची. घरी सांगायचे, लायब्ररीत होते.

वर्ग खाली मागावा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुणी हसेल म्हणूनही नाही. आपण आलोय हेच उपकार, ही समजूत इतकी मुरली होती.

दुसऱ्या वर्षाला गेले. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला एका दुपारी स्टँडजवळच्या नेट कॅफेत बसले होते. तिथला माणूस पडदा बघत म्हणाला, "ताई, मागच्या वर्षीची तुमची फी सरकारनं दिलेली हाय की. कॉलेजला पोचलेली दिसायलीय." मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल. त्यानं नाव वाचून दाखवलं. माझंच होतं. अपंगत्वाचा दाखला, आबांचा उत्पन्नाचा दाखला, सगळं माझंच. ती कागदपत्रं मी पहिल्या वर्षी ऑफिसात दिली होती, सह्या केल्या होत्या, आणि कशावर सह्या करतेय हे विचारलं नव्हतं.

ऑफिसात जाऊन क्लार्कना विचारलं. ते मस्टरमधून मान वर न काढता म्हणाले, "फी तर तुमच्यासारख्यांची सरकार देतंच. दत्तक म्हणजे साहेबांचा आशीर्वाद."

तिथल्या बाकड्यावर मी बराच वेळ बसून राहिले. राग नंतर आला. आधी लाज वाटली. अंगभर. कपाळ बुटावर आपटलं ते कशासाठी? जे माझंच होतं त्यासाठी. आबांनी मरळ नेली ती कशासाठी? आणि एवढी शिकलेली मी, इतिहासात पहिली येणारी, माझ्याच नावाचा कागद वाचायला मला वर्ष लागलं. अडाणी असते तर निदान अडाणी म्हणून सुटले असते.

घरी गेले तेव्हा आबा अंगणात जाळं सांधत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले. आधी फीचं सांगितलं. ते ऐकत राहिले, सुई चालूच होती. मग मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी लोटांगण घातलं नव्हतं. कडी सुटली. मी कोसळले होते."

आबा म्हणाले, "म्हाईत हाय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं, कधी कळलं?

"तवाच. त्या बाईनं कड्या वर सरकवल्या ते मला दिसलं व्हतं."

"मग टाळ्या कामून वाजवल्या?"

आबांची सुई थांबली. "सगळे वाजवायलते. मी एकल्यानं उठून काय म्हणावं? माझी पोर पडली म्हणावं? मंग तुहं कालेज ऱ्हायलं असतं का?"

मला त्यांची लाज वाटली. खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या बापाची लाज वाटली. आणि मग अशी लाज वाटली याचीच लाज वाटली, कारण मीही हसलेच होते की. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मी हसले. दोघांनी मिळून एक खोटं सांभाळलं. वर्षभर एकाच घरात, एकाच ताटातल्या भाकरीवर, दोघांना माहीत असून दोघं गप्प.

मी म्हटलं, यंदा मी मंचावर जाणार नाही. माय चुलीजवळून म्हणाली, "गरजवंताला अक्कल नसती बाई. एकडाव अजून हात जोड, काय झिजतंय?" आबा म्हणाले, फी सरकारची असली तरी कॉलेज साहेबाचं आहे. "पाण्यात ऱ्हाऊन माशासंगं वैर करू ने." ज्या माणसानं जन्मभर पाण्यात राहून माशांशीच वैर केलं आणि त्यावर आम्हाला जगवलं, त्यानं मला हे सांगावं. इतर वेळी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

वाढदिवस आला. मी नेहमीसारखी पहिल्या बसनं गेले, पण वर गेले नाही. मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसले. आबा आले नव्हते. धरणावर काम आहे म्हणाले. यंदा दत्तक लेकीचा सत्कार होता. सरांनी नाव पुकारलं. तीच दोन पोरं माझ्याकडं आली आणि हात पुढं केले.

मी म्हटलं, "हात लावू नका."

पोरं मागं सरली. सर माईकवर हसत म्हणाले, लाजतेय आमची लेक. साहेबही हसले. मी उभी राहिले. मला उभं राहायला वेळ लागतो. पाय सरळ करायचा, कड्या बसल्या का बघायचं, कुबडी घ्यायची, मग अंग उचलायचं. सगळा मांडव थांबला होता. खरं तर मला तिथून पळून जायचं होतं, पण पळता येत नाही हे त्या दिवशी कामी आलं.

माईक नव्हता. जेवढा आवाज होता तेवढ्यात म्हटलं, "मागच्या वर्षी मी लोटांगण घातलं नव्हतं. माझ्या कॅलिपरची कडी सुटली आणि मी कोसळले. माझी फी सरकारनं भरली आहे. मला कुणी दत्तक घेतलेलं नाही. माझे वडील जिवंत आहेत. माझा वर्ग खाली आणा, मला एवढंच पाहिजे."

चारपाच रांगांपर्यंत ऐकू गेलं असेल. टाळी कुणीही वाजवली नाही. मॅडम खाली बघत होत्या. सरांनी लगेच रक्तदात्यांची नावं वाचायला सुरुवात केली. मी कुबडी टेकत मांडवातून बाहेर आले, आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं, खाल्ल्या घरचे वासे मोजायली.

तिसऱ्या दिवशी आबांना बोलावणं आलं. प्राचार्यांच्या खोलीत आबा हात जोडून उभे, शेजारी मी. खुर्ची होती, बसा कुणी म्हटलं नाही. प्राचार्य म्हणाले, साहेब मोठ्या मनाचे आहेत, लेखी माफी दिली तर विषय संपला. नाहीतर टीसी तयार आहे, दुसरं कॉलेज बघा. वर्गाचं मी विचारलं तर म्हणाले, एका मुलीसाठी वर्ग हलवता येत नाही, खाली जागा नाही. खाली जागा आहे. खाली साहेबांचं दालन आहे. सोफा, पडदे, काचेचं टेबल. महिन्यातून एकदा उघडतं. मी तसं म्हटलं. प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही, माफीचा टाइप केलेला कागद आबांपुढं सरकवला. पालकाची सही, त्याखाली माझी.

आबांनी पेन घेतलं. त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. सही करताना ते नेहमी आधी कागदावर हात फिरवतात, तसा त्यांनी फिरवला.

मी म्हटलं, "आबा, सही करू नका."

ते थांबले. माझ्याकडं बघितलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "मरळ घेऊन गेलात तेव्हा त्यांनी तुम्ही उभे होता ती जागा धुतली. मी तेव्हा हसले होते. आता हसणार नाही. सही करू नका."

प्राचार्य म्हणाले, हे काय चाललंय. आबांचा हात तसाच कागदावर होता. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्यासाठी ठेवलं की स्वतःसाठी, मला माहीत नाही. ते वळून बाहेर गेले. बसमध्ये माझ्याशी बोलले नाहीत. घरी बोलले नाहीत. आजही कामापुरतंच बोलतात. माय म्हणते, तुझ्यापायी बापाची मान खाली गेली. मी तिला सांगत नाही की ती आधीच गेली होती, फक्त तेव्हा टाळ्या वाजत होत्या. बसभाडं आता आक्का देते, कापूस वेचून.

टीसी मी घेतली नाही. कायद्यानं वर्ग मला पोचता येईल अशा जागी पाहिजे. तो कायदा मी लायब्ररीत बसून वाचला, या वेळी खरोखर लायब्ररीत. त्याचा अर्ज लिहिला. क्लार्क घेईनात, मी दुपारपर्यंत खिडकीसमोर उभी राहिले. शेवटी शिक्का मारून त्यांनी पोच दिली. दुसरा अर्ज परभणीला कलेक्टर ऑफिसात दिला. त्याचीही पोच आहे. उत्तर कुठलंच नाही.

आता मी सगळ्यांच्या बसनं येते. सगळ्यांबरोबर फाटकातून आत जाते आणि जिन्याच्या तळाला, भिंतीला टेकून खाली बसते. वही उघडते. पोरं-पोरी माझ्या शेजारून वर जातात. काही जण मान वळवतात, काही जण मुद्दाम पाय आपटतात. एक मुलगी रोज संध्याकाळी तिची वही देते, बोलत मात्र नाही. मी पाणी पिते. स्वच्छतागृहात जाते. हजेरी लागत नाही.

लाज गेली असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी ती येते. जिन्याशी बसताना मान आपोआप खाली जाते, आणि कुणी चढताना थबकलं की वाटतं उठावं, घरी जावं, जाळं सांधायला शिकावं. पण मी उठत नाही. लाजेला घेऊनच बसते.

परीक्षा तोंडावर आली आहे. केंद्र वरच्याच मजल्यावर आहे. मी खाली पेपर मागितला आहे. दिला नाही तर वर्ष जाईल. आक्काच्या मजुरीचं वर्ष जाईल, हे मला माहीत आहे, आणि ती मला काय म्हणेल हेही माहीत आहे. तरी मी इथंच बसेन.

काल प्राचार्य जिन्यावरून उतरताना थांबले. जरा मऊ आवाजात म्हणाले, "अगं, मागचं दीड वर्ष तर चढत होतीस ना? चढता येतं तुला."

मी म्हटलं, "येतं. चढणार नाही. वर्ग खाली आणा."